यादीत नसलेल्या कॉलेजातून

माननीय मनुष्यबळ विभागप्रमुख यांस,



आपल्या कंपनीचं नाव मी या पत्रात लिहिणार नाही. औषधं, रक्त तपासणीचे संच आणि रुग्णालयांना लागणारी उपकरणं असा आपला मोठा कारभार आहे. पत्र आपल्यालाच आहे, हे पुढच्या चार ओळी वाचल्यावर आपल्याला कळेल, आणि माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे. उघडं पत्र लिहायची वेळ आली, कारण बंद पत्रं लिहून झाली. आपल्याकडून मुलांना ज्या पत्त्यावरून मेल येते, त्या पत्त्यावर उत्तर पाठवलं तर ते परत येतं. मुख्य कार्यालयात फोन केला तर तो एका विभागाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो आणि शेवटी बंद होतो. म्हणून हा मार्ग.

मी अमळनेरला एमएस्सीच्या वर्गाला रसायनशास्त्र शिकवतो. जानेवारीत आपली जाहिरात आली. गुणवत्ता नियंत्रण विभागात उन्हाळ्याची दोन महिन्यांची पगारी इंटर्नशिप. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि फार्मसीचे विद्यार्थी पात्र. कोणत्याही मान्यताप्राप्त महाविद्यालयातून अर्ज चालेल. ही जाहिरात मी स्वतः वर्गात वाचून दाखवली. स्टायपेंड मिळणार हे ऐकल्यावर मागच्या बाकांवरच्या मुलांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. एरवी अशा जाहिराती आमच्या मुलांना ऐकवायलाही मला संकोच वाटतो, कारण बहुतेक ठिकाणी दोन महिने मुंबईत राहायचं कशावर, याचा विचारच केलेला नसतो. इथे तो केलेला दिसला. मी मुलांना म्हणालो, अर्ज करा, ही कंपनी माणसं बघते आहे.

अर्जात कॉलेजचं नाव लिहायला जागा नव्हती, यादीतून निवडायचं होतं. यादीत मुंबई-पुण्याची कॉलेजं होती, हैदराबाद-बंगळूरच्या संस्था होत्या, अलीकडे निघालेली खासगी विद्यापीठं होती. जळगाव जिल्ह्यातलं एकही नाव नव्हतं. धुळ्याचं नव्हतं, नंदुरबारचं नव्हतं. या तिन्ही जिल्ह्यांना 1990 पासून पदव्या देणाऱ्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचंही नव्हतं. सगळ्यात खाली ‘इतर’ असा पर्याय होता. आमच्या मुलांनी तो निवडला. मुलांनी विचारलं, सर, याने काही फरक पडेल का? मी म्हणालो, जाहिरातीत कोणतंही कॉलेज असं छापलं आहे, मग कशाला पडेल?

आमच्या वर्गातल्या एका मुलीची निवड आपल्या पहिल्या चाळणीत झाली. ती अमळनेर तालुक्यातल्या, तापीच्या बाजूच्या एका खेड्यातून एसटीने येते. वडिलांची कोरडवाहू जमीन आहे, कापूस लावतात. पाडळसे धरणाचं पाणी येईल म्हणून अडीच दशकांहून जास्त काळ वाट बघणाऱ्या गावांपैकी तिचं गाव. ऑनलाइन परीक्षा तिने आमच्या विभागातल्या संगणकावर दिली, कारण गावात ऐन वेळी रेंज जाते. परीक्षेत ती उत्तीर्ण झाली. मग मुलाखत. ती माझ्याच केबिनमध्ये झाली, मी दाराबाहेर बसलो होतो.

त्या मुलाखतीविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण ती आपल्या लोकांनी चांगली घेतली आणि तिने चांगली दिली. अमळनेर नेमकं कुठे आलं, असं आधी विचारलं गेलं. तिने सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर असं सांगितलं. पुढचा प्रश्न होता, खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल आहे का, हे कसं शोधशील? हा विषय तिच्या जिव्हाळ्याचा. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात सिरप पिऊन लहान मुलांच्या किडन्या निकामी झाल्या, त्यांपैकी अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणावं लागलं, आणि बरीच मुलं गेली. तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेत त्या सिरपमध्ये 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. आमच्याकडे तिने यावरच सेमिनार दिला होता. तिने सांगितलं की तपासणी तयार सिरपपासून सुरू करून चालत नाही. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सॉर्बिटॉल हा कच्चा माल कारखान्यात उतरतो तिथेच प्रत्येक पिंपातून नमुना घ्यायला हवा, कारण विष तिथूनच आत येतं. मर्यादा 0.10 टक्के. गॅस क्रोमॅटोग्राफीवर डायएथिलीन ग्लायकॉल वेगळं दिसतं, आणि ते यंत्र जवळ नसेल तर निदान पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीने प्राथमिक तपासणी करता येते. आमच्या विभागात गॅस क्रोमॅटोग्राफीचं यंत्र नाही, हेही तिने न विचारता सांगितलं. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एकदा पाहिलं आहे, म्हणाली. आपल्या लोकांनी तिचं कौतुक केलं, ते मला बाहेर ऐकू आलं.

मग पत्र आलं. पहिल्या ओळीत अभिनंदन, दुसऱ्यात रुजू होण्याची तारीख, तिसऱ्यात कामाचे तास आणि ठिकाण, मुंबईजवळची आपली प्रयोगशाळा. खाली, अटींच्या मध्ये, एक ओळ: हे स्थान विनावेतन आहे, कालावधी पूर्ण झाल्यावर अनुभवाचं प्रमाणपत्र देण्यात येईल.

आम्हाला वाटलं, चुकून दुसऱ्या योजनेचं पत्र आलं असेल. पण निवड झालेल्या मुलांचा आपणच एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता. तिथे बाकीच्या मुलांच्या पत्रांत रक्कम लिहिलेली होती. तोच विभाग, तीच तारीख, तेच तास. तिने आपल्या समन्वयकांना फोन केला. बोलणं सभ्यपणे झालं, ते मी नाकारत नाही. उत्तर असं मिळालं की स्टायपेंडची तरतूद भागीदार संस्थांच्या विद्यार्थ्यांपुरती आहे, ‘इतर’मधल्या उमेदवारांना शिकण्याची संधी देण्यात येते. काम वेगळं असणार आहे का, असं तिने विचारलं. नाही. वेळ कमी? नाही. मग तिने विचारणं थांबवलं.

तिला आपण नापास केलं असतं तर हे पत्र मी लिहिलं नसतं. आमच्या मुलांना नापास होणं माहीत आहे. इंग्रजी बोलण्यात अडखळतात म्हणून, मुलाखतीला योग्य कपडे नाहीत म्हणून, कशावरूनही ती मागे पडतात आणि पुन्हा तयारी करतात. इथे आपण तिला तपासलं, पसंत केलं, आपल्या प्रयोगशाळेत तिचं काम चालेल असं ठरवलं, आणि त्या कामाचे पैसे मात्र शेजारी बसणाऱ्या मुलीला द्यायचे आणि हिला द्यायचे नाहीत, असं ठरवलं. तिच्यात काही उणं आहे म्हणून हे झालं नाही, ती जिथे शिकते त्या ठिकाणामुळे झालं. हे माझ्या मनाला लागलं आहे, आणि ते लपवायचं मला कारण दिसत नाही.

आता तिच्या घरचा हिशेब ऐका. आपल्या विभागात हा हिशेब कुणी केलेला नसावा, म्हणून मी मांडतो. आपली इंटर्नशिप मे-जूनमध्ये असते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात वर्षातला सगळ्यात कोरडा काळ तोच. कापसाचे पैसे हिवाळ्यात येतात आणि संक्रांतीनंतर कृषी सेवा केंद्राच्या उधारीत, सोसायटीच्या कर्जात आणि एखाद्या लग्नात जातात. मे उजाडला की पुढच्या हंगामाचं बियाणं, खत, नांगरणीच्या ट्रॅक्टरचं भाडं समोर उभं राहतं. मृग लागायच्या आत पेरणीची जुळवाजुळव झाली नाही तर वर्ष जातं. त्या दोन महिन्यांत त्या घराने मुंबईत खोलीचं डिपॉझिट भरायचं, भाडं द्यायचं, मेसचे पैसे आगाऊ द्यायचे, लोकलचा पास काढायचा, ॲप्रन आणि सेफ्टी शूज घ्यायचे. कारण आपल्या पत्रात ते स्वतः आणावेत असं लिहिलं आहे. त्याच दोन महिन्यांत मुलगी घरी असती तर दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाऊन चार पैसे आणते. गेली दोन वर्षं ती उन्हाळ्यात तेच करते आहे. म्हणजे विनावेतन इंटर्नशिप तिच्या घराला फुकट पडत नाही. मुंबईचा खर्च आणि बुडालेला रोज, दोन्ही तिच्या वडिलांनी भरायचे आणि काम आपल्या कंपनीचं व्हायचं.

मुंबईत मामा आहे, काकांचा फ्लॅट आहे, अशा मुलांना हे जमतं. ज्यांचं कुणी नाही त्यांना जमत नाही. आपल्या कंपनीला खरंच गुणवत्ता हवी असेल, तर ही चाळणी गुणवत्तेची नाही, ही नातेवाइकांच्या घरांची चाळणी आहे. आणि ज्या मुलांना स्टायपेंडवाचून दोन महिने काढता आले असते, त्यांतल्या कितीतरी जणांना आपण स्टायपेंड दिलात, कारण त्यांची कॉलेजं यादीत होती.

तिचे वडील विभागात आले. पत्राची प्रिंट घडी करून खिशात आणली होती. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “सर, आमना कॉलेजनं नाव त्यासना यादीमा नही शे का?” मी नाही म्हणालो. मग म्हणाले, “ते नाव टाकाले काय करनं पडस?” या प्रश्नाचं उत्तर मी त्यांना देऊ शकलो नाही, कारण आपण ते कुठेच जाहीर केलेलं नाही. भागीदार संस्था कशी होता येते, कोण ठरवतं, निकष काय, शुल्क असतं का, अर्ज करता येतो का, यातलं काहीही आपल्या कुठल्याच कागदात मला सापडलं नाही.

आपल्याला अमळनेर माहीत नसणं हा गुन्हा नाही. पण निदान इथे कशाची परंपरा आहे, ते सांगू द्या. कारण आपण जे आमच्या मुलीला नाकारलंत, ते देण्यात हे गाव एकेकाळी पुढे होतं.

1916 साली इथे तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांच्या दानातून. या आडगावी देशभरातल्या तरुण अभ्यासकांना फेलोशिप देऊन बोलावलं जाई. राहण्या-जेवण्याची भ्रांत न ठेवता अभ्यास करा, असा तो प्रकार. घनश्यामदास मलकानी इथले संचालक होते, रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती यांच्यासारखी पुढे भारतभर नाव झालेली माणसं इथे अभ्यासक म्हणून राहिली. इंग्रजी तत्त्वज्ञानाचं त्रैमासिक इथून निघायचं. त्या मुलांचा गाव कोणता, भाषा कोणती, कॉलेज कोणतं, हे बघून एकाला पैसे आणि दुसऱ्याला नुसतं प्रमाणपत्र, असं अमळनेरने केलं नाही. बंगालचा मुलगा होता, दक्षिणेतला होता, सिंधमधला होता.

साने गुरुजी 1924 ला प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आले आणि 1930 च्या सत्याग्रहात जाईपर्यंत इथेच होते. त्यांच्याविषयी बाहेरच्या लोकांना त्यांची पुस्तकं आठवतात. आम्हाला त्यांचं छात्रालयही आठवतं. खेड्यापाड्यातल्या मुलांना शिकायचं तर आधी राहायला जागा हवी, दोन वेळचं जेवण हवं आणि आपल्यावर कुणाचं लक्ष आहे हा विश्वास हवा, हे त्यांनी ओळखलं होतं. शाळा फुकट असून भागत नाही, मुलाचं राहणं-खाणंही शिक्षणात धरावं लागतं. शंभर वर्षांपूर्वी एका शिक्षकाला जे कळलं, ते आपल्या विभागाने समजून घ्यावं, एवढं मागणं फार नाही.

आणि उद्योगाचं म्हणाल तर 1945 साली मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी काढली ती अमळनेरला. तीच पुढे विप्रो झाली.  विप्रोने 1990 मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या धंद्यात जीई बरोबर भागीदारी केली, ती कंपनी बंगळूरला उभी राहिली. त्या कंपनीविषयी माझी काही तक्रार नाही, हे पत्र तिला नाही आणि आपला तिच्याशी संबंध नाही. सांगायचं एवढंच की आज ज्या क्षेत्रात आपण आहात, त्या क्षेत्रातल्या एका मोठ्या नावाचा पहिला अर्धा भाग या गावात जन्मला. जुन्या लोकांनी शेअर घेऊन ठेवले आणि त्यांची घरं वर आली, ही गोष्ट इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. उद्योग लहान गावातून वर येतो, यावर आमच्या मुलांचा विश्वास बसावा असा पुरावा गावातच आहे. म्हणूनच ‘इतर’मध्ये ढकललं जाणं त्यांना अधिक झोंबतं.

आपल्याकडून जे म्हटलं जातं, जाईल, त्याचाही विचार मी केला आहे. प्रयोगशाळेत शिकायला मिळतं हाच मोबदला, असं म्हणतात. शिकायला मिळतं, खरं आहे. मग तो मोबदला सगळ्यांनाच पुरायला हवा होता. मुंबईच्या मुलीला शिकणं आणि पैसे दोन्ही, आणि अमळनेरच्या मुलीला फक्त शिकणं, याला काही युक्तिवाद मला सापडत नाही.

दुसरं, एक गोष्ट आपल्याला चांगली ठाऊक आहे आणि तिचा फायदा घेतला जातो, असा माझा आरोप आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात एमएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंगचे चार श्रेयांक सक्तीचे झाले. मुलं त्याला ओजेटी म्हणतात. ओजेटीचं पत्र मिळालं नाही तर सत्र अडतं. त्यामुळे दर उन्हाळ्यात हजारो मुलं कुठल्याही अटीवर कुठेतरी घ्या म्हणत कंपन्यांच्या दारात उभी असतात. सक्ती सरकारने केली, जागा कंपन्यांच्या हातात दिल्या आणि पैशांचं कुणी काहीच ठरवलं नाही. धोरण करणाऱ्यांचा हेतू चांगला असेल. पण मोफत मनुष्यबळाची रांग तयार झाली, आणि आपल्यासारख्या मोठ्या कंपनीनेही त्या रांगेतून दोन प्रकारची मुलं उचलली, काही पैसे देऊन, काही न देता.

कायद्यात याला वाट नाही असं नाही. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. 2019 च्या नियमांनी पदवीधर उमेदवाराला महिना किमान 9,000 रुपये ठरवले, आणि त्यातले 4,500 पर्यंत केंद्र सरकारने उचलायचे असं ठरलं. या उमेदवाराचं कॉलेज कोणतं हे बघून रक्कम बदलत नाही. पण त्याच मुलाला इंटर्न म्हटलं की हा कायदा लागू होत नाही, किमान रक्कम राहत नाही, काहीच राहत नाही. फ्रान्समध्ये दोन महिन्यांहून जास्त इंटर्नशिप असेल तर पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे. अमेरिकेत खुद्द अध्यक्षांच्या कार्यालयात मुलं वर्षानुवर्षं फुकट राबत होती, 2022 मध्ये त्यांना पैसे सुरू झाले, आणि तेव्हा तिथेही कारण हेच सांगितलं गेलं की फुकट काम करणं ज्यांना परवडतं तेवढीच मुलं येत होती.

आपल्या देशाचा ताजा अनुभव तर डोळ्यांसमोर आहे. 2024 च्या अर्थसंकल्पात पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली. मोठ्या पाचशे कंपन्या, पाच वर्षांत एक कोटी तरुण, महिना 5,000 रुपये आणि सुरुवातीला एकदाच 6,000. पहिल्या फेरीत सव्वा लाखाहून जास्त जागा निघाल्या. 82 हजारांवर निवडपत्रं गेली, 28 हजारांच्या आसपास स्वीकारली गेली, आणि प्रत्यक्ष रुजू झालेली मुलं नऊ हजारांच्याही आत. सरकारकडूनच पुढे आलेल्या कारणांत घरापासूनचं अंतर हे एक मोठं कारण होतं. पाच हजार देऊनही मुलं जाऊ शकत नाहीत, तिथे शून्यावर कोण जाईल? महाराष्ट्र सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना 10,000 धरले, तेही बहुधा आपल्याच तालुक्यात काम करण्यासाठी. त्या योजनेबद्दलही मुलांच्या पुष्कळ तक्रारी आहेत, मोर्चे निघाले आहेत. पण रक्कम ठरवताना शिरपूरच्या मुलाला वेगळी आणि पुण्याच्या मुलाला वेगळी, असं सरकारने केलं नाही.

हेच डॉक्टरांच्या बाबतीत पाहा. एमबीबीएसच्या इंटर्नना महाराष्ट्रात आज विद्यावेतन मिळतं ते त्यांनी वर्षानुवर्षं संप करून, मागण्या लावून वाढवून घेतलं. त्यांच्या मागे संघटना असते, रुग्णालय बंद पडेल ही भीती असते. एमएस्सी केमिस्ट्रीच्या मुलीने दोन महिने काम बंद केलं तर कुणाला कळतही नाही. म्हणून तिच्या वतीने मी लिहितो आहे.

ती आली नाही, हे आपल्या नोंदीत ‘उमेदवाराने संधी नाकारली’ असं गेलं असेल. तसं ते राहू नये. तिने नाकारली नाही. येणं जमत नाही असं कळवण्याच्या आदल्या दिवशी तिने आपल्याला इंग्रजीत एक मेल लिहिली, ती मी वाचली आहे. आभार मानले, विषय आवडतो असं लिहिलं, आणि विचारलं की स्टायपेंड शक्य नसेल तर निदान राहण्याची सोय होईल का. दुसरा प्रश्न होता, पुढच्या वर्षी आमचं कॉलेज यादीत यावं यासाठी काय करावं लागतं. स्वतःसाठी एक आणि मागून येणाऱ्यांसाठी एक. तिला उत्तर आलं नाही.

तिने ओजेटी अमळनेरच्याच एका पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत पूर्ण केली. तिथेही शिकायला मिळालं. क्षार, नायट्रेट, फ्लोराइड मोजले, गावोगावच्या बोअरचे नमुने आणले. पण औषधाच्या कारखान्यातली शिस्त, प्रत्येक आकडा लगेच लिहिणं, खाडाखोड करायची तर सही करून, एका पिंपाच्या नमुन्यावर सही केली म्हणजे कुणाच्या तरी लेकरावर सही केली, ही जाण तिला ज्या जागी आली असती ती जागा तिच्या हातची गेली. पुढच्या वर्षी पदवी घेऊन ती बहुधा आमच्याकडच्या बाकी मुलांसारखीच गाडीत बसेल आणि अंकलेश्वर किंवा वापीला जाईल. सुरतेच्या रेल्वेमार्गाने खान्देशातल्या रसायनशास्त्राच्या पदवीधरांना तिकडे नेलं, कितीतरी जणांची घरं त्यावर उभी राहिली. मी त्या कामाला कमी लेखत नाही. पण तिथे ती कंत्राटदाराकडून, रात्रपाळीत, रिॲक्टरशेजारी उभी राहून सुरुवात करेल. आपल्या प्रयोगशाळेतले दोन महिने गाठीशी असते तर तिच्यापुढे दोन वाटा असत्या. तिला आणि आपल्या पगारी इंटर्नला एकाच प्रश्नावर तपासलं गेलं होतं, आणि 0.10 टक्के हे उत्तर दोघींच्याही तोंडी सारखंच होतं.

माझ्या मागण्या लिहून देतो, म्हणजे विचार करायला सोपं जाईल. भागीदार संस्थांची यादी आणि त्यात येण्याचे निकष जाहीर करा, आणि त्यासाठी कुठलीही संस्था अर्ज करू शकेल अशी सोय ठेवा. जाहिरातीत ‘कोणतंही महाविद्यालय’ लिहायचं असेल तर स्टायपेंडही कोणत्याही महाविद्यालयाला द्या. द्यायचा नसेल तर जाहिरातीतच तसं छापा, म्हणजे आमच्या मुलांना निवडपत्रात खाली शोधावं लागणार नाही. बाहेरगावच्या मुलांना रक्कम महिना संपल्यावर न देता पहिला हप्ता रुजू होण्याआधी द्या, कारण डिपॉझिट आधी भरावं लागतं. मुलींच्या राहण्याची सोय कंपनीनेच पाहावी, निदान पत्ता आणि माणूस तरी द्यावा. उन्हाळ्याबरोबर हिवाळ्यातही एक तुकडी घ्यावी, म्हणजे शेतकऱ्यांच्या मुलांना पेरणीच्या तोंडावर घर सोडावं लागणार नाही. हे आमच्या विद्यापीठाने आणि राज्याच्या उच्च शिक्षण विभागानेही बघायला हवं, ओजेटी सक्तीची करताना पैशांचा प्रश्न कंपन्यांच्या मर्जीवर सोडता येत नाही. त्यांना मी वेगळं पत्र लिहिलं आहे.

आणि त्या मुलीच्या मेलला उत्तर द्या. मला उत्तर नको. तिने विचारलेल्या दोन प्रश्नांना, तिच्या नावाने, सही करून, कुणीतरी माणसाने लिहिलेलं उत्तर तिला पाठवा. नव्या जाहिरातीआधी ते यावं, कारण वर्गात यंदाही मुलं विचारू लागली आहेत की अर्ज भरायचा का, आणि मी त्यांना आपलं उत्तर वाचून दाखवणार आहे.

आपला,
एक प्राध्यापक,
रसायनशास्त्र विभाग, अमळनेर